होडी काही बुडेना

भिवंडीत एकदा एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचंच नाव घालायचं राहिलं. पत्रिका माझ्याच छापखान्यातली. गावोगाव वाटली गेली, लग्न लागलं, पंगती उठल्या, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. पण त्याच पत्रिकेत थोरल्या मामाचं नाव धाकट्याच्या खाली गेलं होतं. तो थोरला मामा मुठीत अक्षता घेऊन मांडवाच्या दारात जो उभा राहिला तो आत येईना. इतका वेळ उभा राहिला की मुठीतल्या अक्षतांना मोड आले. तांदळाला मोड येत नाहीत हे मलाही कळतं, पण त्या मामाचा राग तुम्ही पाहिलेला नाही.

आमच्या तालुक्यातली पत्रिका म्हणजे चार ओळी लग्न आणि बाकी सगळी माणसं. निमंत्रक, प्रेषक, आपले नम्र, आपले विनीत, समस्त मित्रमंडळ, आणि तळाशी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' म्हणून घरातली झाडून सगळी पोरं. सार्थक, भाविक, पूर्वी, आणि जे अजून पोटात आहे त्याच्यासाठी एक टिंब. पत्रिका हातात पडली की माणूस मुहूर्त बघत नाही. आधी स्वतःचं नाव शोधतो, मग चुलत भावाचं, आणि चुलत भावाचं वर असेल तर लग्नाच्या दिवशी त्याचं पोट दुखतं.

मी विठू. मूळचा गणेशपुरीकडचा, पण धामणकर नाक्यावर छापखाना टाकल्याला आता जन्म लोटला. शेअर रिक्षांच्या स्टँडमागे, दोन लूम कारखान्यांच्या मधे माझी खोली, वर एक ठेंगणा माळा. नाक्यावरच्या ट्रॅफिकबद्दल मी काही बोलत नाही. एका वरातीचा घोडा इथे अडकला होता. सुटला तेव्हा नवरा खाली उतरून पोराला शाळेत घालायला गेला, एवढंच सांगतो.

तर ही गोष्ट बाळाराम केणेची. दोन हजार चारचा सुमार. खाडीकाठच्या त्याच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली होती, मुलं भाड्याचं बघत होती, आणि साठी उलटल्यावर बाळारामला आयुष्यात पहिल्यांदा बसायला वेळ मिळाला होता. एके दिवशी कागदांचा गठ्ठा काखेत मारून तो आला.

"विठ्या, ह्ये छाप."

"कोणाचं लग्न?"

"लगीन न्हाय. पुस्तक हाय."

"कोणाचं?"

"माजं. मुंबईला जाऊन आयलो. तिथल्या प्रकाशकांनी चा पाजला नि कागद परत दिले. आता मीच लेखक, मीच प्रकाशक. तू फक्त छाप."

मी हसलो असतो, पण त्याचं तोंड हसण्याजोगं नव्हतं. खाडीवर पूल नव्हता, होडीनंच ओलांडायची, तेव्हाची ती गोष्ट. बाळारामची थोरली बहीण पलीकडच्या गावात दिलेली. तिला सगळे आक्का म्हणत. माहेरपण करून ती परत निघाली, होडीत बसली, आणि होडी मधल्या धारेत बुडाली. बाकीच्यांची प्रेतं ओहोटीला सापडली. आक्काचं काहीच सापडलं नाही. म्हणून तिची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, 'पलीकडं उतरली असंल. येल.' आईच्या तोंडावर कोण बोलणार? आणि आई गेली तोवर घरादाराला न बोलायचीच सवय झाली होती.

"पन्नास वर्सं झाली विठ्या," बाळाराम म्हणाला, "आमच्या घरात आक्का मेली असं कोनी म्हनलंच न्हाय. मना ते म्हनायचंय. तोंडातून येत न्हाय म्हनून लिवलं."

मी तिथेच वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर होडी बुडते तिथे आलो आणि एकदम शेजारचे लूम गप्प झाले. अंगावर काटा आला. नंतर कळलं, लाइट गेली होती. पण काटा आला तो आलाच.

छापलं. 'आक्काची होडी', लेखक-प्रकाशक बाळाराम नवशा केणे. देखणं पुस्तक. कोणी हात लावला नाही. बाळाराम पिशवी घेऊन हळदीला जायचा, बारशाला जायचा, लोक म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या काका, चष्मा न्हाय आनला." फुकट देतो म्हणाला तर ज्यांना चष्मा नव्हता त्यांना वेळ नव्हता. घरात गठ्ठे पडून राहिले. त्याच्या घरच्या उंदरांनी शेजाऱ्याचं पंचांग खाल्लं, पण याच्या पुस्तकाला तोंड लावलं नाही.

"म्हनून झालं," तो म्हणाला, "पन ऐकलं कोनी? कोनी ऐकलंच न्हाय तं म्हनलं कुठं?"

तेव्हा मी त्याला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. "बाळाराम, तुझ्या होडीत आक्का सोडली तर कोण कोण आहे? 'एक म्हातारा.' 'एक कोळीण.' 'दोघे भाऊ.' असली बिननावाची माणसं कोण वाचेल? आपल्याकडे छापलेला कागद माणूस कशासाठी उघडतो? नाव बघायला. घाल नावं. आपल्याच माणसांची."

"ती मानसं मेलेली हायत विठ्या."

"म्हणून काय झालं? नावं जिवंतांची घाल."

त्याला पटलं नाही. पण घरातले गठ्ठे बघून बघून पटलं. म्हाताऱ्याला त्यानं सख्ख्या मामाचं नाव दिलं, दोघा भावांना साडूच्या मुलांची. मग साडूच्या मुलांना घेतलं आणि मेव्हण्याच्या मुलांना नाही असं कसं चालेल, म्हणून दोन वल्हेकरी वाढले. मजकूर फुगला. माझं पिना मारायचं मशीन म्हातारं, त्याला ती जाडी झेपेना, म्हणून मी दोन भाग केले. होडी मधल्या धारेत पोचते तिथे पहिला भाग संपवला.

आणि पुस्तक गेलं! असं गेलं की शाई वाळायला फुरसत मिळेना. मामानं घेतलं, मामाच्या सोसायटीनं घेतलं. साडूच्या मुलांनी ऑफिसात नेऊन वाटलं. लोक नाक्यावर रिक्षातून उतरून, आहेत तिथेच गाडी अडवून, आधी पुस्तक विचारायचे. साखरपुड्यात, नारळ फुटायच्या आधी, कोणी तरी उभं राहून त्यातली दोन पानं वाचायचं, आणि ज्याचं नाव येईल तो पागोटं नसलं तरी पागोटं सावरायचा.

मग सुरू झालं ते दुसऱ्या भागाचं. जो तो माझ्या छापखान्यात, ज्याला त्याला होडीत जागा पाहिजे.

बाळारामचा चुलत भाऊ पंढरी आला. हा गेली वीस वर्षं नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहायच्या बेतात होता. "दादा, मना पुढं बसव. एकदम टोकाला. येनाऱ्याजानाऱ्याला दिसलं पायजे."

"मधल्या धारेत कोन येतंय-जातंय?" बाळाराम म्हणाला.

"मासं हायत ना."

शेजारच्या लूमचे मालक अन्सारीशेठ आले. "विठूभाई, हम क्या पराये हैं? इतने साल से तुम्हारी मशीन की खटखट सुनते हैं. हमको भी बिठाओ काका के नाव में. कोने में चलेगा." जाता जाता दारातून मागे वळून म्हणाले, "खिडकी के बाजू में हो तो अच्छा."

आणि काठी टेकत सीताबाई आली. बाळारामची आत्या. वय विचारलं तर म्हणायची, "तुमच्या भिवंडीत पयला लूम आयला तवा मी त्याला बघून घाबरली होती." तिनं नातवाला जागा मागितली, नातसुनेला मागितली, आणि म्हशीला मागितली.

"आत्या, म्हैस?"

"मंग? आमच्या येलेला म्हशी होडीतनंच जात. मानसापरीस गप बसत."

बाळारामनं सगळ्यांना घेतलं. त्याला वाटलं, आता दुसरा भाग, त्यात होडी बुडेल, आणि या वेळी सगळं गाव वाचेल. पुस्तक खपावं असं त्याला वाटत होतं ते एवढ्याचसाठी. पण बाळारामच्याच घरच्या गठ्ठ्यांतून त्या पहिल्या, न खपलेल्या पुस्तकाची एक प्रत कोणाच्या तरी हाती लागली, आणि कोणी तरी सीताबाईला शेवटचं पान वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात पाय ठेवायला जागा नाही.

"बालाराम," सीताबाईनं काठी आपटली, "ह्यात होडी बुडतंय म्हनं?"

"हा आत्या."

"नि माजा नातू? आता कुठं त्याला नोकरी लागली, नि तू त्याला पान्यात टाकतंस?"

"गोष्ट हाय आत्या ती."

"गोष्ट हाय तं कोरडी लिव!"

पंढरी म्हणाला, "दादा, निवडनूक तोंडावर आयलीय. बुडालेल्या मानसाला कोन मत देल?"

"अशुभ हाय," मामा म्हणाले. "माझ्या नावानं हे चालणार नाही. छापून आलेलं खोटं होत नाही."

"बरं, मग पलीकडं लावू का होडी?" मी मधे पडलो. "सगळे सुखरूप उतरले. संपलं पुस्तक."

तर दारापाशी उभे होते ते ओरडले. ते कालवारकडचे पाहुणे, त्यांची नावं अजून यायची होती. "आमी चढायच्या आदी होडी लावायची न्हाय!" शिवाय उतरायचं तर पहिलं कोणी? मामांनी, की पंढरीनं, की म्हशीनं? त्यावरून तिथेच दोघांची कॉलर धरली गेली.

म्हणजे बुडवायची नाही, आणि पोचवायचीही नाही. होडी मधल्या धारेत उभी.

पंढरीनं तोडगा काढला. बाळाराम घरी बसून काय लिहील भरवसा नाही, म्हणून त्याला माझ्या माळ्यावर बसवला. "दादांना निवांत जागा पायजे." निवांत! दोन्हीकडून लूम, खालून माझं मशीन, समोरून नाका. माळा एवढा ठेंगणा की बाळारामला उभं राहून विचार करता येईना. जिन्याच्या तोंडाशी एक प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि तिच्यावर आळीपाळीनं एकेक नातेवाईक बसू लागला. लिहिलेलं प्रत्येक पान खाली येई, खुर्चीवरचा माणूस वाचून बघे, कुठे पाणी आत आलेलं नाही ना, मगच माझ्याकडे देई. एकदा बाळारामनं 'आभाळ भरून आलं' एवढं लिहिलं तर पान परत गेलं.

कैद म्हणावी तर मान केवढा! रोज एका घरचा डबा. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, बोंबील, रविवारी कोंबडी. कोणाच्या डब्याची पाळी आधी आली यावरून पुन्हा रुसवे. बाळाराम घास घ्यायचा आणि डबा पाठवणाऱ्याच्या घरची माणसं त्या दिवशी होडीत चढायची. दुसरा भाग निघाला, तिसरा निघाला, चौथा निघाला. होडी एवढी वाढली की पुढचं टोक ठाण्याच्या हद्दीत, मागचं भिवंडीच्या, आणि मधल्या लोकांना दोन्हीकडची घरपट्टी. तिच्यात दोन लग्नं लागली. एक जण घर बांधायला काढत होता, त्याला आम्ही समजावलं. भरत्या आल्या, ओहोट्या गेल्या, खाडीची रेती उपसून उपसून संपत आली, पण ती होडी काही इंचभर हलली नाही.

लेखक म्हणून बाळारामचं नाव मात्र वसईपर्यंत गेलं. ज्या प्रकाशकांनी चहा पाजला होता त्यांतला एक स्वतः आला, माझ्याकडे चहा पिऊन गेला. पंढरीनं नाक्यावर भला थोरला फ्लेक्स लावला, 'खाडीकाठचे थोर लेखक बाळारामदादा केणे यांचे हार्दिक अभिनंदन'. त्यावर पंढरीचं तोंड मोठं, बाळारामचं त्याच्या खांद्याएवढं. आणि तो फ्लेक्स लावायला नाक्यावर मोकळी भिंत म्हणाल तर एकच होती, माझ्या माळ्याची. बाळारामच्या खिडकीवरच तो ताणून बांधला. आतून त्याला स्वतःचंच तोंड उलटं दिसायचं. वारा होता तोही बंद झाला.

एका दुपारी मी चहा घेऊन वर गेलो. खुर्चीवर त्या दिवशी साडूचा मुलगा होता, तो पेंगत होता. बाळाराम फ्लेक्सकडे पाठ करून बसला होता. वजन एवढं उतरलं होतं की हातातल्या पेनामुळेच तो जमिनीवर होता असं मला वाटलं.

"विठ्या, चौथा भाग हाय तुज्याकडं?"

"आहे ना."

"त्यात आक्का कुठं हाय ते काढ."

मी पानं उलटली. बँडवाले होते, अन्सारीशेठ खिडकीशी होते, म्हैस होती. खूप शोधल्यावर, दुसऱ्या लग्नाच्या पंगतीनंतर, अर्धी ओळ सापडली. 'मागल्या बाजूला आक्का गप्प बसली होती.'

"येवढीच ना?" तो म्हणाला. "मी तिला भायेर काडायला गेलो रे. पन्नास वर्सं ती त्या होडीत बसलीय, ना बुडत, ना उतरत. आयनं बसवली होती. आता मी बसवलीय, नि वरनं तिच्या अंगावर अख्खं वऱ्हाड घातलंय. तिला पाय लांब करायला जागा न्हाय."

मी म्हटलं, "चहा घे."

त्यानं घेतला नाही. उठला, वाकून वाकून खिडकीपाशी गेला, आणि फ्लेक्सवर पंढरीच्या डोळ्याच्या जागी पेन खुपसून भोक पाडलं. "वारा तरी येल," म्हणाला. वारा काही आला नाही, पण तो भोकाला डोळा लावून बसला.

खाली रिक्षास्टँड. तुम्ही कधी धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. रिक्षा भरेपर्यंत सुटत नाही. माणसं मांडीला मांडी लावून, घामाघूम, हटून बसलेली असतात. उतरा म्हटलं तर जीव देतील पण जागा सोडणार नाहीत. आणि तेवढ्यात पुढे एक नवी, चकचकीत, टेपवाली रिक्षा येऊन लागते, तिचा ड्रायव्हर ओरडतो, "चलो, स्टेशन, स्टेशन!" की झालं. जुनीतली सगळी माणसं पिशव्या सांभाळत, एकमेकांना तुडवत नव्या रिक्षात. जुनी रिकामी.

बाळाराम बराच वेळ बघत राहिला. मग चहा मागून घेतला. गार झालेला, तसाच प्याला.

पाचवा भाग त्यानं असा लिहिला की खुर्चीवरचा माणूस वाचताना उभाच राहिला. मधल्या धारेत दुसरी होडी येते. होडी कसली, लाँच! मांडव घातलेली, झेंडूच्या माळा, बेंजो पार्टी, बसायला फोमच्या खुर्च्या. आणि प्रत्येकाला आग्रहाचं निमंत्रण. पत्रिकेशिवाय कोणी चढायचं नाही. ती पत्रिका मी खरोखरीच छापली, सोनेरी शाईत, आणि पुस्तकात मधोमध घातली. पान उलटलं की उलगडत जायची. ज्यांना उलगडायची होती त्यांना दाराबाहेर जावं लागे. मामांना पहिलं पाऊल, त्यांच्यासोबत म्हैस. पंढरीला सगळ्यांत पुढे उभं राहायला वेगळी फळी. अन्सारीशेठना खिडकी आणि पंखा. कालवारचे पाहुणे, वसईचे पाहुणे, एकेक नावानिशी, मानानं, हात धरून या होडीतून त्या होडीत. कोणी मागे राहायला तयार नव्हतं. जुन्या होडीत आता कोण बसतंय?

आणि एक गंमत झाली. नावं त्या लाँचवर गेली तशी जिन्यावरची खुर्चीही रिकामी झाली. जुन्या होडीचं काय होतं याच्याशी आता कोणाला देणंघेणं नव्हतं. बाळारामनं शेवटची दोन पानं कोणी न बघता लिहिली आणि स्वतः जिना उतरून माझ्या हातात दिली. जिना उतरताना त्यानं दोनदा मागे बघितलं, अडवायला कोणी येतंय का म्हणून.

पंढरीच्या मुलीचा साखरपुडा होता. दुपारी हॉल गच्च. बाळारामच्या सुनेनं, मृणालीनं, पाचवा भाग वाचायला घेतला. मांडवाची होडी आली तेव्हा टाळ्या. मामा चढले तेव्हा शिट्ट्या. म्हैस चढली तेव्हा सीताबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. नावं संपायला इतका वेळ लागला की नवऱ्या मुलाची दाढी वाढली. मग लाँच बेंजो वाजवत निघून गेली, आणि मृणालीनं पुढचं पान उलटलं.

जुन्या होडीत आक्का एकटी होती. तिनं पाय लांब केले. पाणी आत येऊ लागलं.

"थांब पोरी," सीताबाई म्हणाली. "आक्काला पत्रिका न्हाय?"

मृणालीनं सासऱ्याकडे बघितलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. बरोबर आहे, येवढी नावं, आक्काचं कसं राहिलं? पंढरी उठला. "दादा, चूक झाली आसंल. माझ्या बाजूला बसव तिला. मी सरकतो." आयुष्यात पहिल्यांदा पंढरी कुठून तरी सरकायला तयार झाला होता. मामा म्हणाले, "माझी खुर्ची घे. मी उभा राहीन." अन्सारीशेठ मागून म्हणाले, "खिडकी दे दो बहन को, बाळारामभाई. हमको क्या, हम रोज की हवा खाते हैं." साडूची मुलं उठली, कालवारचे उठले. सगळा हॉल आपापली जागा द्यायला उभा राहिला. तिला वर घेतल्याशिवाय कोणी खाली बसेना.

मी बाळारामकडे बघत होतो. माळ्यावर, फ्लेक्सच्या आड, तो इतका कोंडलेला दिसला नव्हता. तिथे त्याला रागवायला तरी माणसं होती. इथे सगळे हात पुढे करून उभे, आणि त्याला पळायला दार नाही.

तो उठला. सवयीनं मान खाली घालूनच उठला, वर छप्पर असल्यासारखी. मग हळूहळू ताठ झाला.

"तिला न्हाय बसवता येत."

"का न्हाय?" सीताबाई म्हणाली. "म्हशीला बसवली, नि तिला न्हाय?"

"ती मेली, आत्या."

बेंजोवाला तारा जुळवत होता, तो थांबला.

"आक्का मेली," बाळाराम पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. "होडी बुडाली तवाच मेली."

सीताबाई काठीवर हनुवटी टेकून बसली होती. तिनं मान हलवली. "हां. नारली पुनवेची दुसरी सकाल. तुना राखी बांधून निंगाली ती. मीच तिच्या वटीत नारल घातला."

"तुमी... कवा बोलला न्हाय."

"तुजी आय होती ना. तिच्यासमोर कसं बोलायचं? मंग आय गेली, तं तू होतास." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "आमी समजलो तुना म्हाईत न्हाय."

बाळाराम खाली बसला. मृणाली पुढची ओळ वाचू की नको म्हणून उभी होती. सीताबाईनं तिला हातानं खूण केली, वाच. तिनं वाचलं. दोनच पानं होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी नाव शोधलं नाही. नंतर साखरपुडा उरकला, तोही नीट उरकला, कारण मुलीचं त्यात काय चुकलं होतं? पण जेवताना सीताबाईनं पंगतीतूनच विचारलं, "बालाराम, दहावं कदी करतंस?"

दुसऱ्या दिवशी तो दहाव्याचं कार्ड छापायला आला.

"नाव काय घालू?" मी विचारलं. "आक्का?"

"कमल," तो म्हणाला.

एवढे भाग छापले मी त्या पुस्तकाचे. तिला नाव होतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्याच्या 'ल'चा 'ळ' करून मी मोठ्या टायपात घेतलं, कमळ. खाली नारळी पुनवेचा दुसरा दिवस. त्याच्याखाली 'शोकाकुल' एवढा शब्द टाकतो तोच दारात सावली पडली. पंढरी होता, मागे मामा, त्यांच्यामागे साडूची मुलं, आणि रांग रिक्षास्टँड ओलांडून थेट नाक्यापर्यंत. नाका तुंबला होता, म्हणजे नेहमीसारखाच होता.

"दादा," पंढरी म्हणाला, पण नेहमीच्या जोरात नाही, "शोकाकुलमंदी आमची नावं..."

मी बाळारामकडे बघितलं. म्हटलं, आता हा यांना हाकलतो. हक्क होता त्याचा.

बाळारामनं रांग बघितली. मग माझ्या टेबलावरचं ते तळहाताएवढं कार्ड उचललं आणि बाजूला ठेवलं.

"विठ्या, ह्यो कागद बारका हाय," तो म्हणाला. "मोठा घे."